करवतीपलीकडचा माणूस

आमच्या गल्लीत त्याचं खरं आडनाव कुणालाच ठाऊक नाही. सगळे त्याला दहाबोटे म्हणतात. दहा बोटं काय, सगळ्यांनाच असतात, असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही सुतारांच्या गल्लीत कधी पाऊल टाकलेलं नाही. आमच्याकडे कपाटवाल्याला आठ आहेत, खुर्च्या करणाऱ्याला साडेआठ, आणि कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या खिडकीवाल्याला किती, ते तो खिशातून हात काढत नाही म्हणून कळत नाही. दहाच्या दहा शाबूत ठेवून म्हातारा झालेला हा एकटाच. म्हणून ते नाव.

मी धारवाला. माझं दुकान त्याच्या दुकानाला लागून, मध्ये एक भिंत. बोथट झालेली पाती माझ्याकडे येतात आणि मी त्यांच्या दात्यांना धार लावून परत पाठवतो. माझी जीभही तशीच आहे असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. गुळमुळीत बोलणाऱ्याकडे धार लावायला कोण येईल?

दहाबोट्याचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला फळ्या उभ्या, दुसऱ्या भिंतीला हत्यारं टांगलेली, आणि मधोमध करवत. लोखंडी टेबल, टेबलाच्या फटीतून वर आलेलं गोल पातं, खाली मोटार. लांब फळी चिरायची तर अशा करवतीवर दोन माणसं लागतात. एकजण अलीकडून फळी पुढं सारतो, दुसरा पलीकडे उभा राहून चिरलेली फळी ओढून घेतो. पलीकडच्याला आणखी एक काम असतं. सारणाऱ्याचे डोळे फळीवरच्या रेघेवर असतात, त्यामुळे त्याचे हात पात्यापासून किती लांब आहेत ते पलीकडच्यालाच नीट दिसतं. हात जवळ गेला की त्यानं ओरडायचं, "हात!" बस, एवढंच.

पात्यावर बसवायचं एक झाकण प्रत्येक करवतीबरोबर येतं. पण झाकणाखाली रेघ दिसत नाही, बारीक पट्टी काढता येत नाही, असं म्हणून ते पहिल्याच आठवड्यात माळ्यावर जातं. सगळ्यांचं जातं. मग उरतो तो पलीकडचा माणूस आणि त्याचा आवाज.

दहाबोट्याच्या पलीकडे त्याचा धाकटा भाऊ उभा राहायचा. कधी हा सारायचा, तो ओढायचा, कधी उलट. दिवसभर दोघांचं भांडण चालायचं आणि दुपारी जेवायचे एकाच डब्यातून. धाकट्याला शीळ घालायची सवय. थोरल्याला ती अजिबात खपायची नाही. "शीळ बंद कर, पातं ऐकू येत नाही," असं तो म्हणायचा, आणि धाकटा म्हणायचा, "दादा, पातं ऐकायचं नसतं, बघायचं असतं." भिंतीआडून हे ऐकता ऐकता माझं अर्धं काम व्हायचं.

एके दिवशी धाकटा फळी सारत होता आणि थोरला पलीकडे होता. मी भिंतीआडून "हात!" ऐकलं. त्याच्या मागोमाग जे ऐकलं ते सांगत बसत नाही. फळीच्या पोटात एक गाठ होती, ती बाहेरून दिसत नव्हती. गाठीपाशी पातं अडकलं, फळी उसळली आणि धाकट्याचा डावा हात पात्यावर गेला. तीन बोटं गेली.

दवाखान्यात मी बरोबर होतो. धाकट्याला पट्टी बांधून बाकावर बसवलं होतं, तोंडावर रक्त राहिलं नव्हतं. थोरला आत आला. मला वाटलं हा आता त्याला जवळ घेईल. तो समोर उभा राहिला आणि म्हणाला, "लक्ष कुठं होतं तुझं?"

धाकट्यानं एकदा त्याच्याकडे बघितलं आणि मान वळवली. त्यानंतर तो दुकानात आलाच नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका वाहनतळाच्या फाटकावर त्याला काम मिळालं. तिथं गाड्यांना पावत्या फाडून द्यायच्या. त्या उजव्या हातानं फाडता येतात. थोरला त्याला बोलवायला गेला नाही. कुणी विचारलं की एवढंच म्हणायचा, "त्याचं लक्ष नव्हतं." म्हणत राहिला, म्हणत राहिला, आणि शेवटी गल्लीला ते पाठ झालं. धाकट्याचा विषय निघाला की लहान पोरंसुद्धा सांगायची, त्याचं लक्ष नव्हतं.

मग दहाबोट्याची बायको गेली. मुलगी लग्न होऊन दूर देशी. ती फोन करते, आणि फोनवर हा "सगळं ठीक" याच्या पलीकडे दोन शब्द बोलत नाही. घरी जायचं तर तिथं दिवा लावणारं कुणी नाही, म्हणून दुकानातच जास्त वेळ. दुसरा माणूस त्यानं ठेवला नाही. त्याऐवजी लोखंडी पायांचा एक स्टँड केला, वर फिरता रूळ बसवला आणि तो करवतीच्या पलीकडे ठेवला. चिरलेली फळी आपोआप त्या रुळावर सरकत जाते. कपाटवाल्यानं एकदा विचारलं, "हे काय केलंस?" दहाबोटे म्हणाला, "धाकटा." थट्टेत म्हणाला की खरंच, ते कळेना. पुन्हा कुणी विचारलं नाही.

आणि एक दिवस भिंतीपलीकडून मला "हात!" ऐकू आलं. मला वाटलं, धाकटा आला! हातातलं पातं टाकून धावत गेलो. आत दहाबोटे एकटाच होता. फळी सारत होता आणि दर हातभर अंतराला स्वतःच स्वतःला बजावत होता, "हात! हात!" मला बघून त्यानं मोटार बंद केली.

"काय रे? पातं झालं का?"

"होतंय," म्हणालो आणि परत आलो. दुसरं काय म्हणणार होतो?

त्यानंतर ते रोजचंच झालं. ऐकून ऐकून कान सरावले. संध्याकाळी मी चहा ठेवायचो, दोन कप भरायचो आणि भिंतीवर थाप मारायचो. तो यायचा, बाकड्यावर बसायचा, अंगठ्यानं एकेक बोट मोजल्यासारखं चाचपायचा आणि चहा प्यायचा. बोलणं जेमतेम. पण यायचा मात्र न चुकता.

मग ती नव्या नियमाची वावटळ उठली. सरकारनं म्हणे ठरवायला घेतलं होतं, यापुढे विकली जाणारी प्रत्येक करवत माणसाच्या कातडीचा स्पर्श झाला की आपोआप थांबणारी हवी. गल्लीत नुसता कल्लोळ. आमच्या संघटनेचे अध्यक्ष, स्वतः मोठ्या कारखान्याचे मालक, दारोदार फिरून सांगायला लागले. अशी करवत महाग. ओलं लाकूड लागलं तरी ती थांबणार, खिळा लागला तरी थांबणार. एकदा थांबली की आतला ब्रेक बदला आणि पातंही फेका. बनवणारी कंपनी एकच, ती मागेल तो भाव. सगळं खरंच होतं. माझ्या पोटावर तर सरळ पायच होता. पातीच फेकायची झाली तर धार कशाला लावायची? मी अध्यक्षांच्या बाजूनं मान हलवली, आणि तेव्हा मला त्याची लाजही वाटली नाही.

कंपनीचा एक विक्रेता करवत दाखवायला गल्लीत आला. टाय लावलेला, घामाघूम. त्यानं कच्च्या कोंबडीची तंगडी काढली, फळीवर ठेवली आणि सुसाट फिरणाऱ्या पात्यात सारली. ठाप्पकन आवाज झाला आणि पातं गायब. टेबलाखाली जाऊन बसलं होतं. तंगडीवर नुसता ओरखडा. खुर्चीवाला म्हणाला, "कोंबडीची सोय झाली, आता आमचं बघा." सगळे हसले. माणसं हसली की पांगतात, तशी पांगली.

दहाबोटे मात्र हलला नाही. त्यानं ती तंगडी हातात घेऊन ओरखडा बघितला. मग विक्रेत्याला विचारलं, "किती वेळात थांबतं?"

"काका, तुमच्या तोंडातून एक अक्षर निघायच्या आत."

"एक अक्षर," दहाबोटे म्हणाला. तंगडी परत ठेवली, हात पुसले आणि दुकानात गेला. त्या संध्याकाळी भिंतीवर थाप मारली तरी चहाला आला नाही.

पुढं नियमावर सुनावणी लागली. दोन्ही बाजूंनी माणसं बोलणार, सरकारी अधिकारी ऐकणार. अध्यक्ष दहाबोट्याकडे आले. मी तिथंच होतो, घासलेलं पातं द्यायला गेलेलो.

"तुम्हीच बोलायचं," अध्यक्ष म्हणाले. "काही नाही, दोन्ही हात वर करायचे आणि सांगायचं, इतकी वर्षं या करवतीवर काढली, लक्ष असलं की बोटं राहतात. झालं."

"मला बोलायला जमत नाही," दहाबोटे म्हणाला.

"अहो, जमेल. पलीकडून तर तुमचाच भाऊ बोलणार आहे. त्यांच्या यादीत नाव आहे त्याचं."

दहाबोट्यानं रंधा खाली ठेवला. "तो येणार आहे?"

"येणारच."

"मग मी येतो."

अध्यक्ष खूष होऊन गेले. त्यांना वाटलं, गडी पेटला. मला मात्र कळलं. सुनावणीच्या सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात उभा राहिला. दाढी घोटून केलेली. त्याच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट मी मुलीच्या लग्नानंतर पाहिला नव्हता.

"बरा दिसतो का रे?"

"नवरदेव दिसतोस," मी म्हणालो. तो हसला नाही, म्हणून मग मीही थट्टा सोडली. "हे बघ, एक सांगतो, राग मानू नकोस. ते लक्षाचं वाक्य तू तिथं त्याच्यासमोर म्हणालास ना, तर तो तुला पुन्हा दिसायचा नाही."

"मग काय म्हणू?"

"खरं काय ते म्हण. त्या दिवशी तिथं तुम्ही दोघंच होतात. मला काय माहीत?"

 बसमध्ये खिडकीशी बसून तो रस्ताभर अंगठ्यानं बोटं चाचपत होता.

सुनावणीची खोली शाळेच्या वर्गासारखी होती. पुढं टेबल, टेबलामागे चष्मा लावलेल्या अधिकारी बाई, समोर बाकं. धाकटा पलीकडच्या बाजूला शेवटून दुसऱ्या बाकावर बसला होता. केस पांढरे झालेले, फाटकावरचा निळा गणवेश अंगात. दहाबोटे दारातच थबकला. तो भावाकडे बघत राहिला, आणि भाऊ समोरच्या भिंतीकडे.

धाकट्याला आधी बोलावलं. त्यानं डावा हात टेबलावर ठेवला, उगाच मिरवला नाही. म्हणाला, "फळीत गाठ होती. माझं लक्ष होतं." बाईंनी विचारलं, "आणखी काही सांगायचंय?" तो म्हणाला, "एवढंच. इतकी वर्षं मला एवढंच सांगायचं होतं." आणि परत जागेवर जाऊन बसला.

मग आमच्या दहाबोट्याला. अध्यक्षांनी त्याला जवळजवळ ढकललंच. तो पुढं गेला आणि त्यांनी पढवल्याप्रमाणे दोन्ही हात वर केले. आमच्या बाजूच्या बाकांवरून टाळ्या पडल्या. बाईंनी विचारलं, "दहाही बोटं शाबूत राहिली, तुमच्या मते याचं कारण काय?"

त्याचे हात तसेच वर. शेवटी बाईच म्हणाल्या, "हात खाली घेतलात तरी चालेल."

त्यानं हात खाली घेतले. "आत्ता बोलून गेला तो माझा भाऊ," तो म्हणाला. "त्या दिवशी मी करवतीच्या पलीकडे होतो. त्याचं लक्ष होतं. माझंही होतं. त्याच्या हातावरून माझी नजर ढळली नव्हती. मी 'हात' म्हणून ओरडलो, आणि तो शब्द पुरा व्हायच्या आत बोटं गेली. दोघांचं पूर्ण लक्ष होतं, बाई. तरी गेली."

अध्यक्ष खाकरले. दहाबोट्याचं तिकडे ध्यान नव्हतं.

"दवाखान्यात मी त्याला म्हणालो, लक्ष कुठं होतं तुझं? का म्हणालो? मला दुसऱ्या दिवशी त्याच करवतीवर उभं राहायचं होतं. लक्ष असूनही बोटं जातात असं मानलं असतं, तर माझा हात पुढं झाला नसता. घरात खाणारी तोंडं होती. म्हणून चूक त्याची, असं ठरवून टाकलं आणि फळी सारायला लागलो. माझी दहा बोटं लक्षानं राहिली नाहीत. माझ्या फळीत ती गाठ आली नाही, म्हणून राहिली. तुमचं ते यंत्र अक्षर निघायच्या आत थांबतं म्हणे. मला पुरा शब्द लागला. बाकी महाग आहे का, एकाच कंपनीचं आहे का, ते तुम्ही शिकलेली माणसं बघा. तेही खरंच आहे."

एवढं बोलून त्यानं मान वर केली आणि शेवटून दुसऱ्या बाकाकडे पाहिलं. बाक रिकामं होतं.

मी बाहेर धावलो. जिन्यात कुणी नव्हतं, रस्त्यावरही नव्हतं. निळे गणवेश बरेच दिसले, त्यात तो नव्हता. त्याची पाळी सुरू व्हायची वेळ झाली असेल. की अर्ध्यातून उठून गेला? मला दिसलं नव्हतं, माझे डोळे दहाबोट्यावर होते.

परतीच्या बसमध्ये त्यानं विचारलं, "त्यानं ऐकलं का रे?"

"ऐकलं," मी म्हणालो.

"सगळं?"

"सगळं." आणि खिडकीबाहेर बघायला लागलो.

नियमाचं काय झालं? काही नाही. अजून विचार चालू आहे म्हणतात. दहाबोट्याचं मात्र लगेच झालं. अध्यक्षांनी त्याला फितूर म्हटलं आणि गल्लीनं ते उचललं. कपाटवाला त्याच्या दारावरून जाताना रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जायला लागला. खुर्चीवाल्यानं उसनी नेलेली पकड दारात ठेवली आणि हाक न मारता निघून गेला. आठ बोटांची आणि साडेआठ बोटांची माणसं, आणि दहावाला खरं बोलला म्हणून त्याच्यावर रुसली! मी एकदोघांना चांगलं फैलावर घेतलं. त्यानं काही फरक पडला नाही. भिंतीपलीकडून "हात! हात!" येत राहिलं, आता जरा खालच्या आवाजात. संध्याकाळी तो चहाला यायचा आणि रस्त्याकडे तोंड करून बसायचा. गल्लीच्या तोंडाशी निळं काही हललं की कप हातातच राहायचा. एकदा पोस्टमन निघाला, एकदा पाण्याचा पिंप घेऊन जाणारा माणूस. बघवत नव्हतं. वाटायचं, सांगून टाकावं, त्यानं ऐकलं की नाही ते मला माहीत नाही. सांगितलं नाही.

मग एका सकाळी मी दुकान उघडत होतो. दहाबोट्याच्या दाराबाहेर उन्हात तो रुळाचा स्टँड ठेवलेला होता, आणि त्याच्या रुळाला कुणाची तरी डब्याची पिशवी अडकवलेली होती. आत करवत चालू होती. मी दाराशी गेलो. दहाबोटे फळी सारत होता. पलीकडे, जिथं स्टँड असायचा तिथं, धाकटा उभा होता. फळी ओढायला त्यानं उजवा हात पुढं केला होता आणि डावा नुसता खाली लावला होता. पात्यावर झाकण बसवलेलं होतं, माळ्यावरच्या धुळीसकट.

"हात!" धाकटा ओरडला.

दहाबोट्यानं हात मागे घेतला. मोटार बंद करून तो म्हणाला, "लांब होता की."

"मला जवळ दिसला."

"या झाकणानं रेघ दिसत नाही."

"नसू दे. झाकण काढलंस तर मी चाललो."

 दहाबोट्यानं नाक पुसलं, भुसा गेला असेल, आणि पुढची फळी उचलली.  मी आत गेलो नाही.

आता धाकटा त्याच्या सुट्टीच्या दिवशी येतो. लांब फळ्या दहाबोटे त्या दिवसासाठी राखून ठेवतो. इतर दिवशी छोटी कामं करतो, आणि भिंतीपलीकडून मला काही ऐकू येत नाही. सुट्टीच्या दिवशी भांडण ऐकू येतं, शीळ ऐकू येते, "शीळ बंद कर" तेही ऐकू येतं. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी सवयीनं दोन कप भरले आणि भिंतीवर थाप मारली. "आम्ही घरी चाललोय रे," तिकडून आवाज आला. घरी त्याच्याकडे आता दिवा लावणारं माणूस होतं, निदान त्या रात्रीपुरतं. मला आनंद झाला.  दोन्ही कप मीच प्यायलो.

हल्ली तो चहाला येतो तेव्हा येतो, नाही तेव्हा नाही. परवा धाकट्याच्या सुट्टीचा दिवस होता. मी धारेचं चाक सुरू केलं आणि पातं धरलं. मन भिंतीपलीकडच्या शिळेवर होतं, आणि अंगठा दगडाच्या जरा जास्तच जवळ गेला.

"हात!" मी मोठ्यानं म्हणालो. पलीकडे करवत चालू होती. कुणाला ऐकू गेलं नाही.